अर्ध्या मिठाची लेफ्टनंट

इरबिद,
शुक्रवार, नमाज आणि जेवण दोन्ही उरकल्यावर

आदरणीय नायेफमामा,

शादनचा तुम्हाला आणि मामींना मनापासून सलाम. तुम्ही, मामी आणि तुमची होडी, तिघांची तब्येत उत्तम असेल अशी आशा करते. तुमचा गुडघा कसा आहे? होडीच्या इंजिनाबद्दल मुद्दाम वेगळं विचारत नाही, कारण मामी म्हणतात की त्याच्याबद्दल तुम्ही न विचारताच सांगता. अकाबात आता उकाडा सुरू झाला असेल. इथे अजून संध्याकाळी स्वेटर लागतो. फोन करायचा सोडून ही पोरगी पत्र का लिहिते आहे, असं तुम्हाला वाटेल. मामा, राग मानू नका, पण फोनवर तुम्ही दोनदा ‘हं’ म्हणता आणि ‘दे आईला’ म्हणून मोकळे होता. आणि आईला द्यायचा नाही असाच हा विषय आहे.

तुमच्या कानावर एव्हाना आलंच असेल की मी शिक्षण सोडून सैन्यात गेले आणि तिथून मला मीठ खाल्ल्याबद्दल हाकललं. ही बातमी आजीने कराकमध्ये पसरवली आहे. तिच्यात मिठाचा भाग तेवढा खरा आहे.

झालं असं. माझा एम.एस्सी.चा प्रबंध जमीदवर आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मीठ किती कमी केलं तरी जमीद टिकेल आणि मन्सफच्या मटण-भाताची चव बिघडणार नाही, हे मला शोधायचंय. (आमच्या मार्गदर्शक डॉ. इन्साफ यांनी आधी जमीदची व्याख्या लिहायला लावली. मी लिहिली: मेंढीच्या दह्यात मीठ घालून, गोळे करून, उन्हात दगडासारखा कडक वाळवलेला पदार्थ. आजीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, ‘एवढ्यासाठी विद्यापीठ लागतं?’) प्रबंध अर्ध्यावर आला असताना जाहिरात निघाली, की सैन्याच्या अन्नतपासणी विभागात पदवीधर मुलींना अधिकारी म्हणून घेणार. मामा, खरं सांगते, मी फक्त वाचणार होते. पण लहानपणापासून तुमच्या खांद्यावरचे ते तारे पाहिलेले. वाचता वाचता अर्ज भरून झाला. घरी कुणाला सांगितलं नाही. म्हटलं, घेतलं नाही तर सांगायची वेळच यायची नाही, आणि घेतलंच तर तेव्हा बघू. (हे ‘तेव्हा बघू’ आमच्या घरात बाबांकडून आलंय.)

पण डॉ. इन्साफना सांगणं भाग होतं. त्यांचं नाव इन्साफ असलं तरी विद्यार्थ्यांना तो अजून मिळालेला नाही. बाई माझ्या खांद्याला लागतात, पण त्यांच्यासमोर मीच खाली बघते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, ‘पळता येतं का?’ मी म्हटलं, शिकेन. त्या म्हणाल्या, ‘शीक. माझ्याकडे प्रबंध उशिरा देणाऱ्यांनाही ते उपयोगी पडतं.’ याला परवानगी समजायचं की धमकी, ते मला अजून कळलेलं नाही.

तर पळणं. तुम्ही सैन्यातले लोक वाळवंटात पळालात, तिथे अडवायला कुणी नव्हतं. मी पळायची विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर. पहिल्याच दिवशी एक भाजीवाला दुकानातून ओरडला, ‘पोरी, बस चुकली का? थांब, मी अडवतो!’ आणि भला माणूस रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. हुस्न गावाला जाणारी मिनीबस थांबली. आतली सगळी माणसं माझ्याकडे पाहताहेत, कंडक्टरने दार उघडून धरलंय, भाजीवाला घाम पुसत हसतोय. अशा वेळी ‘मी व्यायाम करतेय’ म्हणायला जे धैर्य लागतं, ते बहुधा भरती झाल्यावर शिकवत असतील. मी बसमध्ये चढले. हुस्नला उतरले, पलीकडे जाऊन परतीच्या बसने आले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी रस्ता बदलला, तर तिथे त्याचा भाऊ निघाला. शेवटी कंडक्टर म्हणाला, ‘ताई, तुझी हुस्नला नोकरी आहे का? पास काढून घे, स्वस्त पडेल.’ त्या दिवशी मात्र मी खरं सांगून टाकलं. मग मागच्या सीटवरची एक म्हातारी बाई म्हणाली, ‘मग खाली उतर की! आमच्यात काय बसलीस?’ बस थांबवून मला उतरवलं आणि चढ संपेपर्यंत ड्रायव्हर माझ्याबरोबरीने सावकाश गाडी चालवत राहिला. सगळी माणसं खिडक्यांतून ओरडत होती. मामा, त्या संध्याकाळी मी जशी पळाले तशी नंतर सैन्याच्या परीक्षेतही पळाले नाही, आणि परीक्षेत तर मी पास झाले!

आता मीठ. वैद्यकीय तपासणीला डॉक्टर म्हणून एक मेजर बाई होत्या. त्यांनी रक्तदाब घेतला, पट्टा काढला, पुन्हा बांधला, मशीन बदललं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, ‘घरी काही त्रास आहे का? लग्नाची जबरदस्ती वगैरे?’ मी म्हटलं, ‘नाही, जमीद.’ त्यांना वाटलं मी त्यांची थट्टा करते आहे. मग सगळं सांगावं लागलं, की चव बघायला बसवलेले विद्यार्थी पहिल्या आठवड्यातच पळाले (तेही बस न अडवता), तेव्हापासून सगळे नमुने मी एकटीच चाखते आहे, आणि त्यातले निम्मे जुन्या पद्धतीचे, भरपूर मिठाचे आहेत. बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ‘मीठ बंद. पंधरा दिवसांनी परत ये. तेव्हाही रक्तदाब एवढाच आला तर तुला बाद करावं लागेल, आणि कारण म्हणून जमीद लिहायची माझी इच्छा नाही.’

इकडे चाखण्याची शेवटची फेरी राहिलेली. ती नाही झाली तर प्रबंध पुढच्या सत्रात जाणार, आणि सैन्याला पदवी हातात असलेली मुलगी हवी. डॉ. इन्साफ म्हणाल्या, ‘रक्तदाब तुझा आहे, प्रयोग माझा आहे. चांगल्या जिभेचं माणूस आण.’ अख्ख्या जॉर्डनमध्ये मला एकच जीभ आठवली. मी आईला बोलावलं.

आई कराकहून दोन पिशव्या, एक पातेलं आणि स्वतःचा चमचा घेऊन आली. मी सांगितलं, प्रत्येक वाटीवर फक्त नंबर आहे, एक ते नऊ गुण द्यायचे. आईने पहिल्या वाटीला शून्य दिलं. मी म्हटलं, शून्य नाहीये, आई. ती म्हणाली, ‘नसेल तर या वाटीसाठी काढा.’ दुसरीबद्दल म्हणाली की ही मेंढी आजारी होती. तिसरी कुणी केली ते तिला कळलं पाहिजे, म्हणजे त्या घरात ती कधी मुलगी देणार नाही. डॉ. इन्साफ कोपऱ्यात बसून सगळं लिहून घेत होत्या, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझी दोन वर्षं त्या वाट्यांत बुडत होती. मग आई सहाव्या वाटीपाशी थांबली. पुन्हा एक चमचा घेतला. आणखी एक. म्हणाली, ‘हे. हे करणारीच्या हाताला चव आहे.’ आणि सरळ नऊ दिले! मामा, ती अर्ध्या मिठाची वाटी होती. डॉ. इन्साफनी लिहायचं थांबवून प्रथमच माझ्याकडे हसून पाहिलं. इतका आनंद झाला की माझ्या तोंडून निसटलं, ‘आई, हे माझ्या मापाने आजीने केलंय!’

तुम्हाला तुमची बहीण माहीत आहे. तीस वर्षं ती सासूच्या जमीदला भिंतीचा चुना म्हणत आली आहे. तिने चमचा पुसला, पिशवीत ठेवला आणि म्हणाली, ‘नऊ खोडा. पाच करा.’ डॉ. इन्साफ म्हणाल्या, ‘खोडता येत नाही, बाई. हे विज्ञान आहे.’ त्या दोघी एकमेकींकडे ज्या नजरेने पाहत होत्या, ते पाहून सीमेवर काय होत असेल याची मला कल्पना आली.

आणि नेमका त्याच वेळी टेबलावरचा माझा फोन वाजला. आईने उचलला. पलीकडून कुणी सार्जंट विचारत होता, उमेदवार शादन मुलाखतीला येणार का. आई म्हणाली, ‘कुठल्या घरातून बोलताय? मुलगा काय करतो?’ तो म्हणाला, ‘सैन्यातून बोलतोय, मावशी.’ ‘बरं, पण मुलगा कोण?’ हे बराच वेळ चाललं. मग तिला कळलं.

मामा, ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बसली आणि म्हणाली, ‘माझा भाऊ घेतला, तेवढा पुरे नाही का झाला?’ मग मला ते सांगितलं जे मला माहीत नव्हतं. तिच्या लग्नात वराकडे सोपवताना तिचा हात धरायला तुम्ही नव्हता, चौकीवर होता. तिसऱ्या दिवशी, ती माहेरी आली असताना, धुळीने भरलेले आलात, उभ्या उभ्या जेवलात आणि बुटांसकट झोपलात. तिने तुमचे बूट काढले आणि सासरी परत गेली. हसत सांगत होती, पण चमचा पिशवीत ठेवायचा, काढायचा, असं तिचं चाललं होतं. शेवटी म्हणाली, ‘मी हो म्हणणार नाही.’

मुलाखतीला मी तरीही गेले. (आईने इस्त्री करून दिली, पण बोलली नाही.) समोर तीन अधिकारी. मधल्या ब्रिगेडियर साहेबांनी विचारलं, शिक्षण आणि प्रशिक्षण दोन्ही कसं झेपणार? मी उत्तर पाठ केलं होतं. पण तेवढ्यात त्यांनी प्रबंधाचा विषय वाचला आणि म्हणाले, जमीद म्हणजे कराकचंच. उजवीकडचे कर्नल म्हणाले, माफ करा सर, मादबाचंही काही कमी नाही. पुढचा सगळा वेळ मुलाखत त्या दोघांचीच चालली. शेवटी माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष विचारला, तर मी म्हटलं, अर्धं मीठ. ब्रिगेडियर म्हणाले, ‘सैनिकांना अर्ध्या मिठाचं मन्सफ घालणार तू?’ मी म्हटलं, ‘सर, आपला रक्तदाब किती असतो?’ बोलून गेले आणि वाटलं, आता हुस्नची बसच पकडावी. पण तिसऱ्या खुर्चीतल्या कर्नल बाई हसल्या आणि म्हणाल्या, ‘सांगा ना, सर. घरी मॅडमही विचारत असतात.’

निवड झाली, मामा! रक्तदाबही उतरला. तोंडी परीक्षा पुढच्या महिन्यात होती, ती डॉ. इन्साफनी येत्या बुधवारी आणली. बाहेरच्या परीक्षकांना माझ्यासमोर फोन करून म्हणाल्या, ‘लवकर या. नंतर ती गणवेशात येईल आणि प्रश्न ती विचारेल.’ त्यानंतरच्या रविवारी मला प्रशिक्षणाला हजर व्हायचंय. सगळं जमून आलंय. आई तेवढी अजून गप्प आहे, आणि इथून परत जायचं नावही काढत नाही.

मामींना सलाम. मासे मिळोत.

तुमची भाची,
शादन

ता. क. – खरं काम लिहायचं राहिलंच. माझ्या सहीला कायद्याने आईची परवानगी लागत नाही, पण ती गप्प असताना मला जायचं नाही. मी निघायच्या आधी, येत्या शुक्रवारी कराकला सगळे जमतोय. तुम्ही याल का? समजावू नका, भाषण देऊ नका, नुसते तिच्या शेजारी बसा. होडीला एक दिवस विश्रांती मिळेल.

ता. क. २ – आई आत्ता मागे उभी राहून वाचते आहे. पेन मागते आहे. देते.

नायेफ, हिला नीट सांगता येत नाही. मी नाही म्हटलेलंच नाही. मी हो म्हणणार नाही म्हटलं, तू येईपर्यंत. जेवण मांडायच्या आधी ये, नंतर नको. ही अधिकारी झाली तर कुणाला वाईट वाटतंय? गणवेशाचं कापड मी आधीच बघून ठेवलंय, सरकारी शिलाई कशी असते ते मला तुझ्यामुळे ठाऊक आहे. पण एक गोष्ट विचारून ये. ही गेली की घरात हिचे बाबा वर्तमानपत्रात, आणि उरलो आम्ही दोघी, मी आणि माझी नऊ गुणांची सासू. तिला प्रबंधाची प्रत मिळणार आहे म्हणे. सैन्यात माझ्या वयाच्या बाईला काही जागा आहे का? पळता येत नाही. जीभ चांगली आहे, हे विद्यापीठाने लिहून दिलंय.