साहेबांनी भाजलेले स्फटिक

ती. आईस, तुझ्या तिरसट लेकीचा नमस्कार.

मी वेळेवर जेवते, काळजी करू नकोस. बाबांचा गुडघा कसा आहे?

आमच्या प्रयोगशाळेचे साहेब मी बनवलेले स्फटिक स्वतःचे म्हणून मिरवतात, हे तुला फोनवर सांगितलंच होतं. पदार्थाचे रेणू आपले आपण जुळून त्यांत चिमुकल्या खोल्या बांधतात, त्यांत वायू साठतो. पण बनवताना खोल्यांत अडकलेलं द्रावण आधी हळूहळू काढावं लागतं. एकदम तापवलं की खोल्यांच्या भिंती ढासळतात, मग वायूला जागाच उरत नाही.

काल पाहुणे यायचे म्हणून घाईघाईत साहेबांनी स्फटिक थेट भट्टीत घातले. मी शेजारीच बाटल्या विसळत होते. विसळत राहिले.

मग सगळ्यांसमोर साहेबांनी स्फटिकांच्या नळीत वायू भरला. तो शोषला जाऊन दाबाचा काटा खाली यायला हवा होता. जागचा हलला नाही. साहेबांचं तोंड बघून जिवाला काय थंडावा मिळाला म्हणून सांगू!

तू म्हणशील, अगं, सांगायचं नाहीस का? विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला विचारायचं, तर स्फटिक कुणाचे हे आधी कबूल करावं लागलं असतं.

नोकरीचं काय ते बघू. ताईला मात्र यातलं बोलू नकोस.

चांगल्या स्फटिकांची एक बाटली माझ्या कपाटात आहे. त्याच पाहुण्यांसमोर साहेबांनी माझं नाव घेतलं, की बाहेर काढीन.

तुझीच,
धाकटी