उलटी प्रदक्षिणा

माघ शु. ४, शके १८४८. धारूर.

किल्ल्याखालच्या माळावर बायस्कोपवाल्याचा तंबू लागला. आज पाहिला. समोरच्या बाजूला ही गर्दी — विड्यांचा धूर, पानाच्या पिचकाऱ्या, मांडीवर पोरं. मी मागच्या बाजूचं तिकीट घेतलं. पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला. त्यावर पाणी मारून ओला ठेवतात, म्हणजे चित्र आरपार उमटतं. चित्र तेच असताना धक्के खात समोर कशाला बसायचं? मागं मोजकीच माणसं. पाय पसरून बसलो. वर तिकीट निम्मं. अख्ख्या धारूरला हे सुचलं नाही.

चित्र लढाईचं. माझं मत — बरं. घोडे चांगले, माणसं वाईट. मेलेल्या शिपायाचं पोट खालीवर होत होतं. म्हणायला मध्यरात्र, पण सावल्या दुपारच्या. आणि सगळं सैन्य डावखुरं! एकजात तलवारी डाव्या हातात. कंपनीनं एवढे डावखुरे कुठून गोळा केले, लढाईपेक्षा मोठा पराक्रम तोच.

मधेमधे मजकुराच्या पाट्या येतात. लिपी बालबोध नाही, मोडी नाही, उर्दूही नाही. या तिन्ही मी कोणाच्या शाळेत पाय न ठेवता शिकलो, तेव्हा माझी चूक होणं शक्य नाही. बंगाली असावी. समोर उभा राहून एक माणूस त्या पाट्या घडाघडा मराठीत वाचून दाखवतो. असा माणूस तंबूत फुकट जातोय.

माघ शु. ५

कुटुंबानं, म्हणजे आमच्या कौशल्याबाईनं, हट्ट धरला, म्हणून तिला घेऊन गेलो. बायकांची जागा समोर, दोरीच्या पलीकडं. ती तिकडं, मी माझ्या मागच्या जागेवर.

आजचं चित्र एका राणीचं. तिचा मुलगा जत्रेत हरवतो, ती रानोमाळ शोधत फिरते. अर्धंच दाखवतात. उरलेलं गुरुवारी, बाजाराच्या दिवशी. म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा आलंच पाहिजे.

मत: राणी पुरुष आहे. मनगटावर केस. महिनाभर अनवाणी हिंडून टाचेला एक भेग नाही. जातं ओढते, पीठ पडत नाही. इथवर सोडून दिलं असतं. पण नथ उजव्या नाकपुडीत. पदर उजव्या खांद्यावर. प्रसाद खाल्ला तो डाव्या हातानं. आणि शेवटी देवळात नवस बोलून निघाली ती देवाला डाव्या हाताशी ठेवून — उलटी प्रदक्षिणा! मी उठून उभा राहिलो. मागचे ओरडले तरी खाली बसलो नाही.

परत येताना कौशल्याबाई डोळे पुसत होती. "घावंल का हो तिचं लेकरू?"

मी प्रदक्षिणेचं सांगितलं.

"उलटी कुठं व्हती? मला तर नीट दिसली."

"रडत होतीस तू. रडणाऱ्याला काय दिसतंय?"

ती पदर सावरून पुढं चालू लागली. आमचा मुलगा सटवा दोन वर्षांमागं नारायणगडच्या जत्रेतून एका सर्कशीबरोबर गेला, त्याचा ठावठिकाणा नाही. पण त्याचा नि चित्राच्या गुणदोषांचा काय संबंध?

माघ शु. ६

शेजारचा मुंजाजी काल समोर बसला होता. सकाळीच ओट्यावर हजर.

"कावून हुबा ऱ्हायलतास बे? मागल्या कंदिलानं पडद्यावर तुजी सावली नाचत व्हती. आमाला वाटलं, राणीला राक्षस घावला."

मी नथीचं विचारलं.

"डावीकडंच व्हती की. लई निरखून बघतूस बे बायांची नाकं."

जन्मभर बैल हाकून या माणसाला डावं-उजवं कळत नाही. वाद घातला नाही.

तडक तंबूवर गेलो. मालक बद्रीनाथ, नगरकडचा. नम्र माणूस, गोड बोलतो. सगळे दोष एकेक करून ऐकवले. मनगटाचे केस त्यानं कबूल केले. पुढचं ऐकून हसला, मग हात जोडले. "दादा, एकदा समोर बसून बघा."

ओळखलं. दुप्पट तिकिटाचा डाव. शहरात चालत असेल.

तिथून भगवानरावांकडं. माळ त्यांचा, तंबूला परवानगी त्यांची. सुपारी कातरत होते, हात थांबला.

"उलटी परदक्षिणा? माझ्या जागंत?"

"मालकांनी स्वतः पाहावं."

"मी कावून बघू? तीन लिप्या वाचनारं मानूस तुमी, रामकिसनराव. तुमी बघितलं ते आमी बघितलं."

असा मान गावात आजवर कोणाला मिळाला नसेल.

माघ शु. ७

तंबू उतरला. बाजाराच्या आदल्याच दिवशी. बद्रीनाथ ओला पडदा तसाच गुंडाळून गाडीत घालत होता. मला पाहून रामराम केला. रागावला असता तर बरं वाटलं असतं. केजला जातो म्हणाला.

दिवसभर लोक येऊन पाठ थोपटून गेले. यातल्या एकानंही चित्र पाहिलेलं नाही.

कौशल्याबाईनं ताट वाढलं. भाकरी, वरण, ठेचा. शब्द नाही.

माघ शु. ८

बाजार. मुंजाजी भर रस्त्यात मोठ्यानं — "काय बे, राणीचं पोरगं तुज्याच घरी ठिवलंस का? लोक इचारतेत." लोक हसले. मी मिरच्यांचा भाव विचारत राहिलो.

माघ शु. ९

भगवानरावांचा निरोप. इरेला पेटलेत. बारसेला केजच्या कचेरीत जाऊन तिथलाही तंबू उठवायचा म्हणतात. साक्षीदार मी.

घरात सांगितलं. कौशल्याबाई चार दिवसांनी बोलली. "मला बी न्या."

"साक्षीला?"

"शिनेमाला. तुमी बंद पाडायच्या आदी."

विचार केला. साक्षीदारानं साक्षीआधी पुन्हा एकदा पाहिलेलं बरंच, नोंद पक्की होते. उद्या पहाटे गाडी जुंपायची.

माघ शु. १०

घाट उतरून केज. उन्हानं बैल दमले. माझ्या भाच्याकडं उतरलो. कौशल्याबाईनं नवं लुगडं बरोबर घेतलंय. चित्रासाठी! मी मुद्दे मनात नीट लावून ठेवले — नथ, पदर, डावा हात, प्रदक्षिणा. टाचेचं शेवटी.

माघ शु. ११. केज.

इथं तंबू धर्मशाळेच्या भिंतीला टेकून लागलाय. मागं जागाच नाही. बद्रीनाथनं तिकीट दिलं.

समोर बसलो. पहिली पाटी आली. बालबोध. वाचली. दुसरीही वाचली. राणी आली. नथ डाव्या नाकपुडीत. पदर डाव्या खांद्यावर. पुन्हा देवळात गेली, प्रदक्षिणेत देव उजव्या हाताशी. मनगटावर केस मात्र आहेतच.

मुलगा सापडला. दोरीपलीकडं एवढ्या बायका रडल्या, त्यात कौशल्याबाईचा हुंदका मला वेगळा ऐकू आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "घावला." मी "हो" म्हणालो.

भगवानराव सकाळी येतील. कचेरीची पायरी चढायच्या आत त्यांना गाठायचं. म्हणणार — मालक, एकदा समोर बसून बघा.