यमूच्या मुंग्या

नांदेड, माघ वद्य तृतीया, संध्याकाळ

आज कचेरी लवकर सुटली. दारातच यमूचा आवाज ऐकला. माझी सहा वर्षांची पोर अंगणात बसून शेजारच्या सकीनाला सांगत होती, "मुंग्या वास घेत चालतेत. मी मधी बोट फिरवलं ना, म्हणून वाट चुकून राहिल्या बघ."

हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही. मी शिकवले ते पाढे, नद्यांचे उगम, उर्दूचं अलिफ-बे. पोर हुशार व्हावी म्हणून रोज संध्याकाळी.

मला पाहताच ती उठली, हाताची घडी घातली आणि म्हणाली, "विचारा, अण्णा."

ती घडी! चुकलं की छडी दाखवून ही सवय मीच लावली ना?

"आज काही विचारत नाही. मुंग्यांचं सांग मला."

ती कावरीबावरी झाली. "ते पुस्तकात न्हाई, अण्णा."

जवळ घ्यायला गेलो, तर तिने अंग चोरलं. हाताची घडी काही सुटेना. शेवटी मीच आत आलो.

थोड्या वेळाने अंगणात पुन्हा कुजबूज सुरू झाली. सकीना हसली, तशी यमू म्हणाली, "हळू! अण्णा घरात हायेत."