शिराळ्याला गेलेला डफ

वडूज,
मे १९७६

प्रिय केरू,

पारूच्या मनुक्यांच्या शेडजवळ सावलीला खाट टाकून पडला असशील, तर आधी उठून बस. सांगायचं पुष्कळ आहे आणि त्यातलं थोडं वाचून तुला राग येणार आहे. इकडे सगळं क्षेम. साळूचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड अजून पहिल्यासारखंच चालतं. तू पारूकडे, लेकीच्या घरी तासगावला राहायला गेल्यापासून संध्याकाळच्या चहाला कुणी येत नाही, याचं तिला माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. तसं ती बोलून दाखवत नाही, नुसता चहा जास्तीचा टाकते आणि मग मला दोनदा प्यायला लावते.

परवा आपल्या यात्रेत तू गायलास. दचकू नकोस. कारखान्यातल्या पोरांनी कलापथक काढलं आहे आणि यंदा त्यांनी रंगमंचावर 'केरू शाहिराची मंडळी' उभी करायचं ठरवलं. म्हणजे डफ घेतलेला तू, तुझ्या मागे तुणतुणं घेऊन वरच्या सुरात झील ओढणारा मी आणि झांजेवर आपला धोंडिराम. धोंडिराम आज असता तर स्वतःचं सोंग बघायला सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन बसला असता. तुझं काम वजनकाट्यावरच्या कृष्णातकडे होतं. सुट्टी झाली की सायकल हाणत पोरगं आमच्या पडवीत हजर. शाहीर फेटा कसा बांधायचे, पाय कुठला पुढे टाकायचे, झीलकरी चुकला तर कसे बघायचे, एक ना दोन. मी सगळं सांगितलं. गाण्याआधी डफ विस्तवावर शेकून तू त्याला कान लावतोस आणि लेकराच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटतोस, तेही सांगितलं. पोरगं इतकं हुबेहूब शिकलं की साळू चहा देताना म्हणाली, "त्याला म्हणावं जरा कमी खोक, खरा केरूबी एवढा खोकत न्हाई." मला रंगवणारं पोर मात्र कमरेत वाकून उभं राहत होतं. मी इतका वाकतो का रे? साळूला विचारलं तर ती हसत आत निघून गेली.

तुझा डफ मीच त्यांना दिला. तू माझ्या खुंटीला लावून गेलास तो खराच डफ, कलगीसकट. तू कशासाठी गेलास हे मी तुला कधी विचारलं नाही, कारण मी तिथेच होतो. मायणीच्या यात्रेत चढाच्या ओळीवर तुझा आवाज फाटला, मांडवाच्या कडेला चार टवाळ हसले आणि तू सवालाचं उत्तर अर्धं टाकून खाली उतरलास. "गळा गेला, आता कलगीचं नाव घेऊ नगंस," एवढंच बोललास आणि आठवड्यात तासगावच्या यष्टीत बसलास. मला तेव्हा तुझा फार राग आला होता. अजून थोडा आहे.

तर खेळाचं सांगतो. पोरांनी रंगमंचावर लाल कागदात बल्ब लावून विस्तव केला होता. दिसायला झकास, पण त्यावर डफ काय शेकणार? कातडं ओल्या पापडागत ढिलं पडलं. शेवटी मी डफ घेऊन मांडवामागच्या भजीवाल्याच्या चुलीवर धरला आणि ताणून आणला. मग मात्र असा वाजला की माझ्या अंगावर काटा आला. कृष्णातनं पाय पुढे टाकला, मान तिरपी केली आणि पहिलीच ओळ टाकली, तसा सगळा मांडव उसळला. म्हाताऱ्या भामाबाईला दिसत कमी, ती उठून थेट रंगमंचाशी गेली आणि म्हणाली, "केरू, लय वाळलास रं. लेक जेवाय घालती न्हवं?" लोक हसले आणि माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कोंडीबा उठला. हो, आपला शिराळ्याचा तुरेवाला कोंडीबा. जन्मभर तुझ्या कलगीला सवाल घालत समोरच्या फडात उभा राहिलेला. खेळाची बातमी ऐकून एवढ्या लांबून यष्टीनं आला होता. काठी टेकत तो वर चढला आणि कृष्णातला म्हणाला, "शाहीर, कलगीचा डफ हातात हाय. मग तुऱ्याचा सवाल घ्याया लागंल." पोरांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. पण कोंडीबानं खडा आवाज लावला आणि तोच सवाल टाकला, ज्याचं उत्तर तू मायणीला अर्धं सोडलास. आभाळाच्या पाळण्याला दोरी कुणी बांधली आणि बाळ जन्मायच्या आधी पाळणा कुणासाठी हलत होता? कृष्णात नाटकातली गाणी पाठ करून आलेला, त्याला ही वाट कुठली ठाऊक? त्याच्या कपाळावरून घाम ओघळला. त्यानं खाली माझ्याकडे बघितलं. मी वाकून वहाणेचा अंगठा नीट करत बसलो.

आणि मग रीत होती तेच झालं, मायणीला कोंडीबानं तुझ्यासाठी सोडून दिली होती तीच रीत. ज्याला उत्तर देता येत नाही त्याचा डफ समोरच्याच्या घरी जातो आणि शाहिरानं स्वतः तिथे जाऊन उत्तर गायल्याशिवाय परत मिळत नाही. सोंग असो नाहीतर खरं, डफ तर खरा होता ना. कृष्णातनं रडवेल्या तोंडानं तो दिला, कोंडीबानं आपल्या उपरण्यात बांधला. तुझा डफ आज शिराळ्यात कोंडीबाच्या ओटीवर टांगलेला आहे. आता शिव्या देऊन घे. पण गावाला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता, हेही ऐक. चहाच्या टपरीवर, पारावर, दळणाच्या रांगेत, जो तो पाळण्याचं उत्तर शोधतोय आणि चुकतोय.

आता खरं सांगतो, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. उत्तर मला येत होतं. तूच बांधलेलं, तीस वर्षं तुझी झील ओढणारा मी ते विसरेन होय? मी मुद्दाम गप्प बसलो. कोंडीबाला यष्टीत बसवताना तो म्हणाला, "आकाराम, तुला येत हुतं." मी म्हटलं, "व्हय." तो डफ मांडीवर घेऊन हसला. "गप ऱ्हायलास त्ये ब्येस केलंस गड्या. केरूबिगर माझ्यासमोर उभं ऱ्हायला हाय कोण?" केरू, नागपंचमीला शिराळ्यात तो तुझी वाट बघणार आहे. कृष्णात झांज घेऊन येतोय, साळूनं तुझा फेटा धुऊन ठेवला आहे. गळ्याचं निमित्त मला सांगू नकोस. चढाची ओळ झीलकऱ्याची असते, तू उगाच इतकी वर्षं माझ्या वाटची ओढत राहिलास. राग येऊन का होईना, पण ये. तू फक्त पहिली ओळ लाव, वरचं मी बघतो.

तुझ्या मागे उभा असलेला,
तुझाच
आकाराम