पाचवं वाक्य

३ मार्च, सोमवार
मी मॅनेजर झाले. मुंबई ऑफिसातून एचआरच्या श्रुतीने सकाळी फोन करून नक्की केलं. माझ्यासोबत लागलेला केतन बाहेर. आमच्या सल्लागार कंपनीत नियमच तसा आहे: तीन वर्षांत वर चढा, नाहीतर निघा. जो चढतो त्याने जाणाऱ्याबद्दल पाच वाक्यं लिहून द्यायची. मी दिली. केतन उशिरा येतो, आकडे चुकवतो, नावं विसरतो, ऐन वेळी गप्प बसतो. पाचवं: तो नसला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. यातलं एकही खरं नव्हतं. शुक्रवारी सहापर्यंत ती मागे घेता येतात; पण घेतली तर पदही जातं.

केतनचं रत्नागिरीचं काम आता माझ्याकडे. संध्याकाळी पोचले. खाडीच्या तोंडाशी बंदर, जवळच गेस्टहाऊस. स्वयंपाक करणाऱ्या हौसाबाई तिसऱ्यांदा भात वाढत म्हणाल्या, "जेव गो बाय, लाजतेस काय?" खूप बरं वाटलं.

४ मार्च
दोन गजर लावूनही उशीर झाला. गेटवरचे धोंडूकाका हसून म्हणाले, मुंबईची माणसं घड्याळ घरीच ठेवून येतात. दुपारी मालाच्या तक्त्यात टनांचा आकडा चुकला. तीनदा तपासला होता.

५ मार्च
हौसाबाई समोर सोलकढी घेऊन उभ्या, आणि मला त्यांचं नाव आठवेना. बैठकीत बंदराच्या साहेबांनी विचारलेल्याचं उत्तर मला येत होतं. तोंड उघडलं नाही.
चार वाक्यं माझ्यावरच खरी झाली. त्याच क्रमाने.
केतनचा फोन लागत नाही. श्रुतीला विचारलं. ती म्हणाली, या नावाचं आपल्याकडे कुणी नव्हतं.

६ मार्च
आज माझं ताट मांडलं नव्हतं. वाक्यं मागे घेण्याचं पत्र लिहिलं. पाठवलं नाही. आईने पेढे वाटलेत — उद्या बघू —

७ मार्च
धोंडूकाकांनी गेटवर अडवलं. कुणाकडे आलात मॅडम, म्हणाले. गेस्टहाऊसवर परत आले तर हौसाबाई दारात.
"कोन पायजे तुमाला?"

साडेपाच. पाठवतेय — पासवर्ड चालत नाही. श्रुतीला फोन लावला, तिने नाव विचारलं. सांगितलं. म्हणाली, या नावाचं आपल्याकडे कुणी —

केतन, ते सगळं खोटं होतं. मला माहीत होतं.

सहाला दहा कमी. हौसाबाई पलंगावरची चादर बदलताहेत. सोमवारी नवा मॅनेजर येणार, असं फोनवर कुणाला तरी सांगताहेत. मी खुर्चीत बसलेय, त्या माझ्या अंगावरून हात नेऊन उशी घेतात. सहा वाजले की सगळं कायम होईल. मग मी