ड्रॅगन डोंगरावर वाट बघतोय

बुधवार, १ जानेवारी, सकाळी ९
संकल्प: यंदा मोहीम डोंगरापर्यंत न्यायचीच. तीन वर्षं खपून एक अख्खं राज्य लिहून काढलंय. दोनशे चौदा पानं, सात राजवंश, एक नकाशा (कॉफीचा डाग पडला, तिथे आता तलाव आहे). डोंगरावर ड्रॅगन. खेळ सोपा आहे. गोष्ट मी सांगायची, खेळाडूंनी आपापलं पात्र होऊन काय करायचं ते ठरवायचं, जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगणार. खेळाडू तीन: दातांचे डॉक्टर योद्धा, वरच्या मजल्यावरच्या शिलाईवाल्या बाई चोर, माझा मेहुणा जादूगार. दर रविवारी चार वाजता, आमच्या जेवणाच्या टेबलावर.

ऑफिसात मला कोणी काही विचारत नाही. रविवारी मात्र तिघं पुढे सरकून विचारतात, मग पुढे काय झालं? तेवढ्यावर माझा आठवडा निघतो.

रविवार, ५ जानेवारी
नव्या डावाची झकास सुरुवात. पहिल्या गावात त्यांना खानावळीत उतरवलं. ड्रॅगनची बातमी कळायची आणि निघायचं, एवढंच काम. पण खानावळीची मालकीण (म्हणजे मीच, बारीक आवाजात) बोलता बोलता म्हणून गेली की आचारी पळालाय. बाईंनी लगेच विचारलं, मग आज रांधणार कोण. तिघांनी मिळून रांधलं. अडीच तास. हरकत नाही, वातावरणनिर्मिती झाली.

रविवार, १२ जानेवारी
डोंगर राहिला. डॉक्टरांनी मंतरलेली तलवार कांदे चिरायला काढली. मेहुण्याने मंत्र म्हणून चूल पेटवली. मी ड्रॅगनची डरकाळी फोडली, घसा बसला. बाई म्हणाल्या, खिडक्या लावून घ्या, गिऱ्हाईक बिचकेल. शेजारच्या खोलीत बायको हसली. तिला या खेळातलं ओ की ठो कळत नाही.

रविवार, १९ जानेवारी
पाटी निळी रंगवायची की हिरवी, यावर पाऊण तास. शेवटी खुद्द राजाचा दूत पाठवला. त्याला म्हणे टेबल रिकामं होईपर्यंत बाहेर थांबायला सांगा. दूताच्या तोंडून पान ३१ ते ४० वाचून दाखवली. डॉक्टरांचा डोळा लागला. दिवसभर दाढा उपटायच्या म्हणजे थकणारच.

शनिवार, २५ जानेवारी, सकाळी ११
उपाय सापडला. खानावळच नसेल तर बसतील कुठे? डोंगरावरच जावं लागेल. इतकं साधं आधी कसं सुचलं नाही.

रविवार, २६ जानेवारी
जाळली. मालकीण आत होती. निर्णय फाशाचा, माझा नव्हे. माझा फासा पुठ्ठ्याच्या आडोशाला पडतो, त्यांना दिसत नाही, पण फासा तो फासा. चौदाच्या वर पडलं तर आग, असं मनाशी ठरवलं होतं. पडले तीन. आकडा मी बदलला नाही. अट बदलली.

बाई चष्मा पुसत होत्या. मेहुणा चहा तसाच टाकून गेला. गोष्ट काळजाला भिडली की माणसं अशीच गप्प होतात.

रविवार, २ फेब्रुवारी, दुपारी ४.४०
कोणी आलं नाही. डॉक्टरांचा मेसेज: इमर्जन्सी, अक्कलदाढ. बाई: कोणाचे तरी पडदे शिवून द्यायचेत. मेहुणा: ताप. बायकोही नेमकी मैत्रिणीकडे. तिघांच्या वतीने मीच फासे टाकून पाहिले. ड्रॅगन जिंकला.

रविवार, ९ फेब्रुवारी, दुपारी ४.१५
दाढ, पडदे, ताप. बायको मैत्रिणीकडे. दोन आठवडे तीच दाढ म्हणजे केस अवघड असणार. चारही खुर्च्या मांडून बसलोय. माझा कोणावर राग नाही. पण जीव घाबरा होतोय, हे खरं. रविवार गेला तर माझ्याकडे उरतं काय?

संध्याकाळी ७.३०
मेहुण्याला बघायला निघालो होतो. वाटेत डॉक्टरांचा दवाखाना उघडा दिसला. आत पेशंटच्या बाकांवर तिघंही. मेहुणा ठणठणीत. मधे स्टुलावर, हातात फासा घेऊन, माझी बायको.

खानावळ पुन्हा उभी राहिली होती. मालकीण मागच्या दाराने निसटली होती म्हणे. तिचा आवाज बायको हुबेहूब काढत होती, माझ्यापेक्षा बरा. तीन वर्षं मी बाथरूममध्ये आवाजांची तालीम करत होतो, ती हिने भिंतीपलीकडून ऐकली होती. फासा ती सगळ्यांसमोर टाकते. पुठ्ठा नाहीच.

दारात किती वेळ उभा होतो कोण जाणे. खानावळीच्या तळघरात कोणीतरी रडत होतं, बाई दिवा घेऊन पायऱ्या उतरत होत्या, आणि बायको मधेच थांबली. माझ्या तोंडून निघून गेलं, मग पुढे काय झालं?

सगळे वळले. मग डॉक्टर बाकावर सरकले. बायको म्हणाली, भांडी घासायला माणूस हवाय. मी विचारलं, ड्रॅगन कधीतरी जेवायला आला तर चालेल का. म्हणाली, रांगेत उभा राहणार असेल तर. आधी ताटं घास.

फासा टाकला. दहाच्या वर हवे होते, पडले दोन. सहा ताटं फुटली. सगळे बघत होते, त्यामुळे अट बदलता आली नाही.