हिरव्या काठाचा कप

सोमवार, दिवेलागण

आधी आल्या कॉलेजच्या मोठ्या मॅडम, मागून एक सर. आमच्या सातपूरच्या खोलीत, माझ्या नातीला, पल्लवीला समजवायला! ती तिथं शिकते, तिथल्या समतेच्या कमिटीत हाय. कमिटीच्या नियमांच्या आराखड्यात तिनं पहिलीच ओळ लिहिली, स्टाफरूममध्ये झाडूवाल्या बायांचा कप वेगळा नको. मॅडम म्हणाल्या, "अगं, एवढी ओळ खोड. आपल्याकडं असलं कधी नव्हतंच."

मी तिसरी शिकलेली, मी काय बोलणार. चहा टाकला. मॅडमला दिला हिरव्या काठाच्या, कान तुटलेल्या कपात. मी तिथं झाडू मारायचे तेव्हा स्टाफरूमच्या खिडकीत मॅडम लोक माझ्यासाठी वेगळा ठेवायच्या तो. काम सुटलं त्या दिवशी घरी आणला.

मॅडमनी ओळखला. चहावर साय धरली, तरी हात पुढं येईना.

"मावशी, दुसरा कप नाही का?"

"हायेत की. पण हा तुमच्याच कॉलेजचा."

सर खाली बघत म्हणाले, "मॅडम, ती ओळ तशीच राहू द्या."

म्हातारीनं असं वागावं का? लय बरं वाटलं पण. कप घासून पुढंच ठेवलाय. मॅडम आराखड्यावर पल्लवीची सही घ्यायला गुरुवारी येते म्हणाल्या.